पिस्तुलाचा चाप व बार उडण्याची शाश्वती
पिस्तुलाचा चाप व बार उडण्याची शाश्वती : पिस्तूल डागण्यासाठी चाप बोटाने ज्या जोराने ओढावा लागतो, त्यास चापाचा भार म्हणतात. तो किलोग्रॅम किंवा ग्रॅम यांत मोजतात. भार कमी असला, तर नळीचा रोख न ढळता बार सुटतो व नेम अचूक बसतो. मात्र काडतुसाची टोपी फुटण्यासाठी तिच्यावर ठरावीक ऊर्जेचा आघात व्हावा लागतो आणि ही ऊर्जा देणारी कमान पुरेशी जोरदार असावी लागते. कमान जोरदार असली, की चाप जड होण्याकडे कल असतो. कमान सैल केली, की बार फुसका जाण्याचा संभव वाढतो. शिवाय चाप फार हलका असल्यास हादऱ्याने वा नकळत झालेल्या स्पर्शानेही बार उडू शकतो. नेमकेपणा, शाश्वती व सुरक्षितता या तीन मागण्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न सु. पाच शतके चालू असून पिस्तुलाच्या यंत्रणेतील बहुतेक महत्त्वाच्या सुधारणा या प्रयत्नातूनच झालेल्या आहेत.

यांत्रिक तत्त्व : पिस्तुलाच्या यंत्रणेत मुख्य कमान, तिच्या जोराने पुढे आपटणारा घोडा, घोड्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत अडकून त्यास थोपवून धरणारी खिटी आणि ही खिटी सोडविणारा चाप असे चार प्रमुख भाग असतात. काही पिस्तुलांत घोड्याऐवजी सरळ रेषेत धावणारी आघातखीळ असते. दाबलेल्या कमानीत साठणारी ऊर्जा ही कमानीच्या ताठपणाच्या व दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे कमानीचा ताठपणा एक पंचमांशाने कमी केल्यास ऊर्जाही तेवढीच घटते. परंतु दाबाचे अंतर एक पंचमांशाने कमी केल्यास मूळच्या ऊर्जेपैकी सु. ६४ टक्केच ऊर्जा उरते. घोड्याची धाव आखूड करण्यात हा धोका असतो.

घोडा अगोदरच चढविलेला असेल, तर बोटास केवळ खिटी सोडविण्याचे काम उरते. यास एकेरी क्रियेची यंत्रणा म्हणतात. तीत चापाचा भार मुख्यतः खिटी व खाच यांमधील घर्षण, त्यांच्या पृष्ठांचा कोन आणि खिटी खाचेत किती खोल बसते यांवर अवलंबून असतो. पृष्ठे घासून गुळगुळीत केल्यास आघाताची ऊर्जा कमी न होता भार कमी होतो. खाचेची खोली कमी करूनही भार घटविता येतो. पण मग थोड्याशा झिजेने वा धक्क्याने खिटी निसटण्याचे भय निर्माण होते. कोन चुकीचा पडल्यास कमानीचा दाबच खिटीला बाहेर ढकलू लागतो.

दुहेरी क्रियेच्या यंत्रणेत चाप ओढूनच घोडा चढविला जातो व शेवटी सोडला जातो. येथे आघाताची संपूर्ण ऊर्जा बोटालाच पुरवावी लागते. समजा, चाप सरासरी ५ किग्रॅ. भाराने १.५ सेंमी. ओढावा लागतो, तर एकूण कार्य सु. ०.७५ ज्यूल होते. त्यातील काही भाग घर्षणात, काही चाप पूर्ववत आणणाऱ्या कमानीत व रिव्हॉल्व्हरमध्ये काही भाग काडतुसांचा दंडगोल फिरविण्यात खर्ची पडतो. उरलेला टोपीपर्यंत पोहोचतो. म्हणून या यंत्रणेत घर्षण कमी करण्याची मर्यादा गाठल्यावर चाप आणखी हलका करावयाचा, तर आघात दुबळा करण्यावाचून गत्यंतर नसते.

तोडा व चाकी : आरंभीच्या हातबंदुकांत दारूला कानातून हातानेच बत्ती देत. पंधराव्या शतकात पेटता तोडा वाकड्या दांड्यात अडकवून तो रंजकावर टेकविण्याची युक्ती निघाली. तोड्याच्या बंदुकीत आघाताचा प्रश्नच नव्हता. तोडा पेटता व रंजक कोरडे असले, की काम भागे. त्यामुळे तिची यंत्रणा साधी व भरवशाची होती. मात्र पेटता तोडा कमरेला वा खोगिराला बाळगता येत नसल्याने तिच्यापासून पिस्तूल निर्माण होणे कठीण होते.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी यूरोपात चाकीची यंत्रणा आली. तीत किल्लीने ताणलेल्या कमानीच्या जोरावर खरबरीत कडेची पोलादी चाकी फिरे व तीवर दाबून धरलेल्या माक्षिकाच्या खड्यातून ठिणग्या उडून रंजक पेटे. भरून ठेवलेले व क्षणात उडविता येणारे पिस्तूल त्यामुळे प्रथमच शक्य झाले. वस्त्राआड लपविता येणाऱ्या या शस्त्राचे भय इतके वाटले, की सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७ मध्ये आपल्या मुलखात अशा आपोआप पेटणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली. चाकीची कमान अतिशय जोरदार असल्याने तिला अडविणारी खिटी थेट चापाने सोडविणे जड गेले असते. म्हणून पहिल्या खिटीस टेकू देणारी दुसरी खिटी बसविण्यात आली व चाप फक्त तो टेकू काढून घेई. मोठा जोर लहान जोराने सोडविण्याचे हे तत्त्व पुढील सर्व यंत्रणांत कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळते. चाकीची यंत्रणा मात्र महाग व नाजूक असल्याने सामान्य सैनिकाच्या हाती ती फारशी गेली नाही.

चकमक व अतिहलका चाप : फ्रान्समधील मारँ ल बूर्झ्वा या कारागिराने सु. १६१० मध्ये चकमकीच्या यंत्रणेस तिचे रूढ स्वरूप दिले. घोड्याच्या जबड्यात धरलेली गार पोलादी पातीवर आपटून ठिणग्या पडत, त्याच वेळी पात मागे उलटून रंजकाचा प्याला उघडे. पोलादातून भरपूर ठिणग्या निघण्यासाठी घोड्याची कमान जोरदार असणे अनिवार्य होते. कमान सैल असली, तर ठिणग्या कमी पडत. ती फार ताठ असली, तर गार लवकर बोथट होई व चाप जड जाई. गारेची धार, पातीचे कठिणीकरण व हवेतील दमटपणा यांचाही परिणाम होई. रंजक पेटूनही कानातील वाट बुजल्यामुळे मुख्य बार न उडण्याचे प्रसंग नेहमीचेच होते.

या यंत्रणेत घोडा अर्धवट चढवून ठेवण्यासाठी एक खोल खाच असे. त्या स्थितीत चाप ओढला तरी घोडा सुटत नसे. पूर्ण चढविण्याची खाच उथळ ठेवून चाप हलका करता येई. परंतु चाप हलकेच दाबल्यास निसटलेली खिटी वाटेतील खोल खाचेत पुन्हा अडकून मोडण्याचा संभव असे. ते टाळण्यासाठी उत्तम पिस्तुलांत खोल खाच तेवढ्यापुरती झाकणारा छोटा हलता तुकडा बसवीत.

अचूक नेमासाठी दुहेरी चापाची योजनाही होती. तिचा उगम यांत्रिक धनुष्यात असून सोळाव्या शतकापासून ती जर्मन बंदुकांत दिसते. जर्मन भाषेत तिला ‘श्टेखर’ म्हणतात. तीत एक लहान स्वतंत्र कमान आधी ताणून ठेवतात. बोटाचा अल्प स्पर्श होताच ती सुटते व तिचा फटका मुख्य खिटीवर बसून घोडा पडतो. अशा रीतीने मुख्य कमान जोरदार ठेवूनही बोटाला लागणारा जोर फारच थोडा करता येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन येथील वॉग्डन, मँटन इ. कारागिरांनी द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांत असे चाप बसविले.

अशा चापाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आढळते. ११ जुलै १८०४ रोजी न्यू जर्सीतील वीहॉकन येथे उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर व माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यात द्वंद्वयुद्ध झाले. त्यात जखमी झालेला हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी मरण पावला. वापरलेली पिस्तुले वॉग्डन पेढीची होती. १९७६ च्या सुमारास त्यांच्या प्रतिकृती करताना त्यांत अतिहलक्या चापाची योजना असल्याचे उघडकीस आले. हॅमिल्टनची गोळी बरच्या डोक्यावरील झाडाच्या फांदीला लागली होती. ती त्याने मुद्दाम वर झाडली, की हलका चाप वेळेआधी दबला, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र ही कमान लावावयाची काय, असे त्याच्या साक्षीदाराने विचारले असता हॅमिल्टनने नकार दिल्याचे त्या साक्षीदाराने नोंदविले आहे.

भारतात चकमक आल्यावरही तोड्याची बंदूक दीर्घकाळ टिकून राहिली. महादजी शिंदे यांच्या पदरी द बॉइन्य याने उभारलेल्या कंपूंत नियमित पलटणींकडे चकमकीच्या, तर नजीब पलटणींकडे संगीन जोडलेल्या तोड्याच्या बंदुका असत. साधी रचना, सुलभ दुरुस्ती व चांगल्या गारेची गरज नसणे हे तोड्याच्या बंदुकीचे लाभ होते.

आघाताने फुटणारी टोपी : एडवर्ड हॉवर्ड याने १८०० मध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटाचे वर्णन प्रसिद्ध केले. आघाताने भडकणाऱ्या अशा द्रव्यांचा बंदुकीसाठी उपयोग करण्याचे श्रेय स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फॉर्साइथ याच्याकडे जाते. चकमकीच्या रंजकाचा भपका दिसताच पाणपक्षी उडून जातात, ही त्याची शिकारी म्हणून अडचण होती. त्याने १८०७ मध्ये आपल्या यंत्रणेचे एकस्व घेतले. पुढे सु. १८२० पासून तांब्याच्या लहान टोपीत हे द्रव्य भरून ती पोकळ बोंडीवर बसविण्याची पद्धत रूढ झाली.

शाश्वतीच्या दृष्टीने हा बदल किती मोठा होता, हे १८३४ मध्ये वुलिच येथे झालेल्या चाचण्यांवरून कळते. दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी ६,००० बार काढण्यात आले. चकमकीचे ९२२ बार, म्हणजे साधारणतः साडेसहांत एक, फुसके गेले. टोपीचे केवळ ३६, म्हणजे सु. १६६ त एक, फुसके गेले. आकड्यांमागील अर्थ पहिल्या अफू युद्धात प्रत्यक्ष दिसला. मे १८४१ मध्ये कँटनजवळ मुसळधार पावसात ३७ व्या मद्रास पायदळाची एक तुकडी वेढली गेली. तिच्या चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या होत्या. टोपीच्या बंदुका असलेल्या नौसैनिकांच्या तुकड्या मदतीस धावल्या, तेव्हाच त्या शिपायांची सुटका झाली.

टोपी फोडण्यास ठिणग्या पाडण्याइतका जोर लागत नसल्याने कमान सौम्य करणे व घोडा लहान करणे शक्य झाले. चाप ओढणे व बार उडणे यांतील कालावधीही घटला. तथापि प्रश्न मिटला नाही, त्याचे केवळ रूप पालटले. टोपी जितकी संवेदनक्षम, तितका चाप हलका करता येतो. पण अतिसंवेदनक्षम टोपी वाहतुकीत, भरताना वा शस्त्र पडल्यास फुटू शकते. म्हणून ठरावीक वजन निरनिराळ्या उंचीवरून टोपीवर टाकून दोन मर्यादा ठरविण्यात येऊ लागल्या : ज्या उंचीवरून सर्व टोप्या फुटल्या पाहिजेत ती, आणि जिच्याखाली एकही फुटता कामा नये ती. पिस्तुलाचा आघात पहिल्या मर्यादेहून बराच अधिक ठेवावा लागतो.

रिव्हॉल्व्हर : सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये अमेरिकेत एकस्व घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अंगठ्याने चढवावा लागे व चाप फक्त तो सोडी. ऊर्जा अंगठ्याची व नेम बोटाचा, अशी ही श्रमविभागणी होती. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्स याने १८५१ मध्ये याउलट मार्ग स्वीकारला. त्याच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा चापानेच चढे व पडे. झटापटीत एकामागून एक बार काढण्यास ते सोयीचे होते. पण चाप जड असल्याने लांबचा नेम साधत नसे. लेफ्टनंट फ्रेडरिक बोमाँट याने १८५६ मध्ये दोन्ही पद्धती एकाच यंत्रणेत आणल्या. सवड असेल तेव्हा अंगठ्याने घोडा चढवून हलका चाप ओढावा व निकड असेल तेव्हा जड चाप सरळ ओढावा, ही तडजोड पुढे बहुतेक सर्व रिव्हॉल्व्हरांनी स्वीकारली.

१८६६ मध्ये इंग्लंडचा एडवर्ड बॉक्सर व अमेरिकेचा हायरम बर्डन यांनी बुडाच्या मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांच्या रचना पुढे आणल्या. त्यांत आघातखिळीच्या टोकाने टोपीचा पत्रा दबून द्रव्य आतील ऐरणीवर चिरडले जाते. आता टोपी काडतुसाचाच भाग झाल्याने तिची प्रत व बसवण महत्त्वाची ठरली. टोपी तळापर्यंत बसलेली नसेल, तर पहिल्या आघाताची ऊर्जा तिला आत ढकलण्यातच खर्च होते व बार फुसका जातो. तेच काडतूस दुसऱ्या आघातास बहुधा उडते. सैल कमानीच्या पिस्तुलात हा दोष ठळकपणे दिसून येतो. लहान शस्त्रांच्या काडतुसांचे उत्पादन भारतात पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याशी निगडित आहे.

कमान सौम्य करण्याचा निर्णय सैन्यानेही घेतल्याचे उदाहरण ब्रिटिश एन्फील्ड क्र. २ या रिव्हॉल्व्हरचे आहे. १९३२ च्या मूळ नमुन्यात घोडा अंगठ्यानेही चढविता येई. रणगाड्याच्या अरुंद जागेत घोड्याचे टोक अडकत असल्याने १९३८ च्या सुधारित नमुन्यात ते काढून टाकण्यात आले. आता प्रत्येक बार जड चाप ओढूनच काढावा लागणार असल्याने मुख्य कमान सौम्य करून चापाचा भार सु. ६ ते ७ किग्रॅ. वरून सु. ५ ते ६ किग्रॅ. वर आणण्यात आला. १९४२ मध्ये उत्पादन वाढविण्यासाठी घोड्याला टोपीपासून अलग ठेवणारा अडथळाच गाळण्यात आला. असे शस्त्र हातून पडल्यास उडू शकत असल्याने युद्धानंतर ते परत मागवून अडथळा पुन्हा बसवावा लागला. अशीच एक दुर्घटना १९४४ मध्ये अमेरिकी नौदलात घडली. जहाजाच्या पोलादी तक्तपोशीवर पडलेले रिव्हॉल्व्हर उडून एक खलाशी ठार झाला. त्यानंतर स्मिथ अँड वेसन पेढीने घोड्याचा अडथळा कमानीच्या भरवशावर न ठेवता यंत्रणेनेच सरकविला जाईल, अशी रचना तातडीने तयार केली.

स्वयंभरणी पिस्तूल : स्वयंभरणी पिस्तुलात पहिल्या बारानंतर घोडा चढविण्याचे काम उडालेल्या काडतुसाच्या जोरानेच होते. जॉन ब्राउनिंग याच्या १९११ च्या अमेरिकी लष्करी पिस्तुलात चापाचा भार सु. २.३ ते २.९ किग्रॅ. ठेवलेला होता व हलक्या चापाची जोखीम मुठीतील सुरक्षा पट्टी व बाजूचा खटका यांनी भरून काढलेली होती. अशा पिस्तुलात घोड्याच्या कमानीचे दुसरेही कार्य असते. वरचा सरकता भाग मागे जाताना तो या कमानीविरुद्ध घोडा चढवितो व त्यामुळे त्याचा वेग आवरला जातो. म्हणून चाप हलका करण्यासाठी ही कमान सौम्य केल्यास टोपीवरील आघात तर दुबळा होतोच, शिवाय सरकता भाग अधिक वेगाने मागे आपटतो.

जर्मनीतील वाल्टर पेढीने १९२९ मध्ये पहिल्या बारापुरती दुहेरी क्रिया असलेले पिस्तूल बाजारात आणले. त्यात पहिला चाप जड व पुढील हलके, असा फरक नेमबाजास अंगवळणी पाडावा लागे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलाने वेगळी तोड काढली. त्यात सरकत्या भागाच्या हालचालीने आघातखीळ अर्धवट ताणली जाते व उरलेला ताण बोट पूर्ण करते. त्यामुळे प्रत्येक बाराला भार सारखाच, सु. २.५ किग्रॅ., राहतो. चाप पूर्णपणे मागे येईपर्यंत एक स्वतंत्र खटका आघातखिळीची वाट अडवून ठेवतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी चाप जडच हवा, असे बंधन येथे उरत नाही.

तरीही हा वाद प्रशासनात शिल्लक राहिला. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांना १९९३ पासून रिव्हॉल्व्हरऐवजी स्वयंभरणी पिस्तुले देताना नकळत बार उडू नये म्हणून चापाचा भार सु. ५.४ किग्रॅ. इतका वाढविण्यात आला. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या गोळ्यांनी व त्यांच्या तुकड्यांनी ९ पादचारी जखमी झाले. जड चापामुळे नेम ढळतो, अशी टीका त्यानंतर जोराने झाली. हलका चाप एका प्रकारे धोक्याचा, तर जड चाप दुसऱ्या प्रकारे, हे या घटनेने दाखवून दिले.

नेमबाजीची स्पर्धा : स्पर्धेत जीविताचा प्रश्न नसला, तरी नियमांनी चापाच्या भाराची किमान मर्यादा घातलेली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मी. हवाई पिस्तुलास किमान ५०० ग्रॅ. व २५ मी. पिस्तुलास किमान १,००० ग्रॅ. भार आवश्यक असून वजन टांगून त्याची तपासणी होते. ५० मी. पिस्तुलास अशी मर्यादा नाही. त्यामुळे त्यात अतिहलके चाप व विद्युत् चाप वापरले गेले. हा प्रकार पुरुषांच्या ऑलिंपिक कार्यक्रमात २०१६ पर्यंत होता. विद्युत् चापात बोट केवळ एक स्विच दाबते व खिटी विद्युत्‌चुंबकाने सुटते. त्यामुळे बोटाचा जोर व कमानीचा जोर यांचा संबंध पूर्णपणे तुटतो. हवाई पिस्तुलात टोपीच नसल्याने हा प्रश्न केवळ झडप उघडण्यापुरता उरतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ज्या २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यात मात्र काडतूस वापरतात व १,००० ग्रॅ. चा नियम लागू असतो.

रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धांत भाग घेणारे नेमबाज कमान सौम्य करतात व ती उणीव भरून काढण्यासाठी सर्वांत संवेदनक्षम टोप्या निवडून त्या काळजीपूर्वक तळापर्यंत बसवितात. असे शस्त्र त्या काडतुसांपुरतेच भरवशाचे असते. मैदानावर फुसका गेलेला बार फक्त गुण घालवितो. सैनिकाला व पोलिसाला मात्र मिळेल ते काडतूस, थंडी, धूळ व गोठलेले वंगण अशा परिस्थितीत शस्त्र वापरावे लागते. त्यामुळे त्याच्या पिस्तुलात आघाताची ऊर्जा गरजेपेक्षा जास्त राखून ठेवतात व चापाचा काहीसा जडपणा त्यासाठी पत्करतात.

समारोप : तोड्यापासून विद्युत् चापापर्यंतच्या वाटचालीत हा प्रश्न मुख्यतः चार मार्गांनी सोडविण्यात आला : टेकूची खिटी वा स्वतंत्र लहान कमान वापरून मोठा जोर अल्प जोराने सोडविणे, अल्प आघाताने पेटणारे द्रव्य शोधणे, आघाताची ऊर्जा अंगठा किंवा पूर्वीचा बार यांकडून घेणे, आणि सुरक्षिततेचे काम चापाच्या जडपणाकडून काढून स्वतंत्र अडथळ्याकडे देणे. यांपैकी एकही उपाय न योजता नुसती कमान सैल करून मिळविलेला हलका चाप हा बार उडण्याच्या शाश्वतीतून उसना घेतलेला असतो.